थ्री-फिफ्टी, फोर-बोल्ट… आणि पुढे? १९६९च्या कॅमारोसाठी इंजिन ब्लॉक कसा निवडावा

मसल कारचं इंजिन बांधायचं ठरलं की गप्पा कॅमशाफ्टपासून सुरू होतात. मग हेड, मग कार्ब्युरेटर, मग एक्झॉस्टचा आवाज. ब्लॉकचा, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या इंजिनाच्या ओतीव सांगाड्याचा, विषय मात्र "थ्री-फिफ्टी आहे, फोर-बोल्ट आहे" एवढ्यावर मिटतो, म्हणजे ३५० घन इंचाचं इंजिन आणि क्रँकशाफ्ट धरणाऱ्या कॅपना चार बोल्ट. खरं तर कॅम नाही आवडला तर सहा महिन्यांनी बदलता येतो, हेडही बदलता येतं. ब्लॉक चुकला तर सगळं इंजिन पुन्हा उघडायचं आणि मशीनशॉपला दिलेले पैसे पाण्यात. म्हणून हा लेख फक्त ब्लॉकबद्दल.

उदाहरणाला १९६९ची शेव्हरोले कॅमारो आणि तिचं स्मॉल-ब्लॉक व्ही-८ घेतलंय. शेव्हेल किंवा नोव्हा असेल तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडतं, कारण ब्लॉकचं कुटुंब एकच. बिग-ब्लॉकला हात लावत नाही. ते वजनाला शंभरेक पौंडांनी जास्त, त्यातल्या दोन सिलिंडरमधलं अंतरही वेगळं, आणि त्याचा हिशोब स्वतंत्र आहे.

आधी गाडीत काय आहे ते वाचा

नवा ब्लॉक शोधायला निघण्यापूर्वी गाडीतला जुना ब्लॉक नीट वाचायचा. त्यावर तीन ठिकाणी मजकूर असतो.

पहिला, कास्टिंग नंबर. ड्रायव्हरच्या बाजूला, हेडच्या मागे, बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) जिथे बसतं त्या कडेवर ठळक उठावाचे आकडे असतात. तेल-मातीचा थर वायर ब्रशने काढावा लागतो. दुसरी, कास्टिंगची तारीख. ती बहुतेक वेळा त्याच कडेवर पॅसेंजरच्या बाजूला सापडते. महिन्याला अक्षर, जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी असं, मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. "सी ५ ९" म्हणजे ५ मार्च, आणि साल १९६९ किंवा १९७९. दशक कोणतं ते कास्टिंग नंबरावरून ताडायचं. ३९७००१० हा प्रसिद्ध ३५० ब्लॉक १९६९पासून जवळजवळ १९८०पर्यंत ओतला जात होता. म्हणजे एकच नंबर आणि एकच तारीख दहा वर्षांच्या अंतराने दोनदा येऊ शकते, आणि विकणारा अर्थातच '६९ म्हणूनच सांगतो.

तिसरी जागा सगळ्यात मोलाची. पॅसेंजरच्या बाजूला, हेडच्या पुढे उघडा राहिलेला डेकचा (हेड बसतं त्या सपाट पृष्ठभागाचा) छोटासा सपाट तुकडा, म्हणजे स्टँपिंग पॅड. इथे इंजिन जोडलं त्या कारखान्याचं अक्षर, महिना, दिवस आणि कोणत्या गाडीसाठी जोडलं त्याचा कोड ठोकलेला असतो. "व्ही ०३१२ डीझेड" असेल तर फ्लिंट कारखाना, १२ मार्च, आणि कॅमारोच्या झेड/२८ या खास आवृत्तीचं ३०२ इंजिन. १९६८पासून गाडीच्या व्हीआयएनमधले (ओळख क्रमांकातले) काही आकडेही इंजिनावर येऊ लागले. ते या पॅडवर असतात, नाहीतर ऑइल फिल्टरच्या जवळ. नॉरवूडला बनलेल्या '६९च्या गाडीचे आकडे "१९एन"ने सुरू होतात, व्हॅन नाइसच्या गाडीचे "१९एल"ने. तारखांचा क्रम जुळायला हवा: आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जोडलं, मग गाडी बनली. उलटा क्रम दिसला तर बोलणं तिथेच थांबवा.

आकडे खरे की नंतर ठोकलेले, हे पॅडच्या पृष्ठभागावरून कळतं. कारखान्यात डेक ब्रोचिंगने सपाट करत, त्यामुळे पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या केसासारख्या बारीक समांतर रेषा राहतात. टॉर्च आडवी धरली की त्या दिसतात. पॅड गुळगुळीत असेल, त्यावर गोल फिरलेल्या कटरच्या खुणा असतील, किंवा रेषा अक्षरांच्या आतूनही गेलेल्या दिसत असतील, तर कुणीतरी हात मारलेला आहे. झेड/२८ आणि एसएस या खास आवृत्त्यांच्या किमती पाहता हा उद्योग जोरात चालतो.

आकडे गाडीशी जुळले तर तो ब्लॉक वाचवायचा. भिंत फुटली असेल तर स्लीव्ह (सिलिंडरमधली नवी नळी) घाला, तडा असेल तर बिडाच्या दुरुस्तीतला जाणकार शोधा. आणि मशीनशॉपला लेखी द्या की पॅडवर कटर फिरवायचा नाही. डेकचं फेसिंग करताना सहज त्या कोपऱ्यावरूनही कटर जातो आणि गाडीची निम्मी किंमत बुरादा होऊन खाली पडते. शक्य असेल तर त्या ब्लॉकला तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवा आणि रोजच्या धावपळीला दुसरा ब्लॉक वापरा. हजार अश्वशक्तीची स्वप्नं मूळ ब्लॉकवर रंगवू नयेत.

आकडे जुळत नसतील तर उत्तमच. मोकळ्या मनाने निवड करता येते.

किती ताकद, आणि कशासाठी

हा प्रश्न लोक टाळतात किंवा उत्तर फुगवून सांगतात. रविवारी फिरायला, कधी मेळ्याला न्यायला ३५० ते ४०० अश्वशक्ती पुष्कळ होते, आणि तेवढ्यासाठी चांगला टू-बोल्ट ब्लॉक पुरतो. फोर-बोल्टचं वेड मला कधी पटलं नाही. स्मॉल-ब्लॉकला क्रँकशाफ्ट जागेवर धरणाऱ्या पाच मेन कॅप असतात. फोर-बोल्टमध्ये त्यातल्या मधल्या तिघांनाच चार बोल्ट असतात, पुढच्या-मागच्या दोघांना दोनच. वर गंमत अशी की ४०० घन इंचाच्या इंजिनात फोर-बोल्ट ब्लॉकच बाहेरच्या बोल्टच्या छिद्रांपाशी तडकतो, म्हणून जाणकार त्यातला टू-बोल्टच शोधतात. ४५०च्या पुढे जायचं असेल, नायट्रस किंवा सुपरचार्जर मनात असेल, तर टू-फोरच्या वादात न पडता थेट नव्या ब्लॉककडे वळा. त्याबद्दल पुढे.

स्मॉल-ब्लॉकच्या पिढ्या

हे इंजिन १९५५ला २६५ घन इंचाचं आलं. मग २८३, ३२७, आणि १९६७ला कॅमारोसोबत ३५०. आपल्याला उपयोगी पर्याय साधारण चार.

१९६९ ते १९७९चे ३५०. बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.००० इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.४८. मागचं क्रँक सील दोन तुकड्यांचं. क्रँकचं मेन जर्नल २.४५ इंचांचं; १९६७पर्यंतच्या २८३ आणि ३२७ ब्लॉकमध्ये ते २.३० असायचं, म्हणून जुना क्रँक नव्या ब्लॉकमध्ये तसाच बसत नाही. '६९च्या कॅमारोत हा ब्लॉक निमूटपणे बसतो. मेकॅनिकल फ्युएल पंपाची जागा आहे, क्लचच्या झेड-बारचा बॉल स्टड लावायला आटे पाडलेले आहेत, डिपस्टिक ड्रायव्हरच्या बाजूला आहे. गाडी जुन्या रूपात ठेवायची असेल तर पुढे वाचायची गरज नाही, हाच घ्या.

१९८० ते १९८५चे ३५०, उदाहरणार्थ १४०१०२०७ नंबरचा. हेही दोन तुकड्यांच्या सीलचे, पण डिपस्टिक पॅसेंजरच्या बाजूला गेलेली. तुमचं ऑइल चेंबर (खालचं तेलाचं भांडं) आणि हेडर (एक्झॉस्टचे नळ) त्या बाजूला जुळतात का ते पाहा, बाकी फार फरक नाही.

१९८७ ते १९९५चे, १४०९३६३८ हा त्यातला ओळखीचा नंबर, आणि १९९६नंतरचे व्होर्टेक, म्हणजे १०२४३८८०. यांचं सील एका तुकड्याचं. तो बदल १९८६ला झाला. यांची खरी कमाई म्हणजे कारखान्याच्या रोलर लिफ्टरची (कॅमवर चाक फिरवत व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दट्ट्यांची) सोय. जुन्या चपट्या लिफ्टरच्या कॅमला आजच्या तेलात पुरेसं झिंक मिळत नाही. पहिल्या वीस मिनिटांच्या ब्रेक-इनमध्ये कॅमचा एखादा लोब झिजला की त्याचा चुरा सगळ्या बेअरिंगमध्ये फिरतो. रोलर घेतला की ही कटकट संपते. जुन्या ब्लॉकमध्येही जोडपट्टीचे रोलर लिफ्टर बसवता येतात, फक्त ते बरेच महाग पडतात. मात्र ट्रकमधून निघालेले काही ब्लॉक रोलरसाठी ओतलेले असतात पण आटे पाडलेले नसतात. इनटेक काढलेलं असेल तर दोन लिफ्टर रांगांच्या मधल्या घळीत डोकावून पाहा: तिथल्या तीन उंचवट्यांना भोकं हवीत.

चौथा, ४०० घन इंचाचा, १९७० ते १९८०. बोअर ४.१२५, शेजारशेजारचे सिलिंडर एकमेकांना चिकटलेले, मधून पाणी जात नाही. म्हणून हेडला वाफेची छोटी भोकं पाडावी लागतात. ती विसरली की इंजिन तापतं आणि बदनाम ब्लॉक होतो. यांचा आता तुटवडा आहे. घन इंच वाढवायचेच असतील तर ३५०च्या ब्लॉकमध्ये ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक घालून ३८३ करणं जास्त शहाणपणाचं. त्यासाठी सिलिंडरच्या खालच्या कडेला रॉडचे बोल्ट घासू नयेत म्हणून थोडी खाच मारावी लागते, एवढंच.

आणि ३०५पासून सावध. बाहेरून हुबेहूब ३५०, पण बोअर ३.७३६ इंच. ते ३५० होत नाही. भिंतीत तेवढं बीडच नाही. विकत घेताना खिशात व्हर्नियर ठेवा. ३५०चा बोअर किमान १०१.६ मिलिमीटर भरलाच पाहिजे.

नवा ब्लॉक जुन्या गाडीत घालताना

एक तुकडा सीलचा ब्लॉक घेतलात तर खर्चाची ही साखळी आधी मांडा. क्रँकच्या मागच्या फ्लॅंजवरचं बोल्टांचं वर्तुळ ३.५८ऐवजी ३.०० इंचांचं, म्हणजे फ्लायव्हील वेगळं. शिवाय त्या फ्लायव्हीलवर संतुलनाचं वजन असतं. जुनं फ्लायव्हील कसंबसं बसवलं तरी इंजिन थरथरत राहील. ऑइल चेंबर आणि त्याचं गॅस्केट वेगळं. बऱ्याच नव्या ब्लॉकवर फ्युएल पंपाची जागा ओतलेली असते पण तासलेली नसते, मग विजेचा पंप आला. मॅन्युअल गाडी असेल तर झेड-बारच्या बॉल स्टडचं भोक शोधा. तेही अनेकदा नसतं, मग हायड्रॉलिक क्लच किंवा भोक पाडणारा भरवशाचा मशीनिस्ट. इंजिन माउंट मात्र तेच चालतात.

एक तुकडा सीलच्या ब्लॉकमध्ये अडॅप्टर लावून जुना क्रँक बसवता येतो. उलट करता येत नाही.

विकणाऱ्याच्या दारात

पेन्सिल्वेनियातल्या कार्लाइलसारख्या मेळ्यात ब्लॉक रांगेने मांडलेले असतात, बहुतेकांवर ताजा नारिंगी रंग. रंगवलेला ब्लॉक मला नको वाटतो. गंजलेला चालेल, पण रंगाखाली काय आहे ते कोण सांगणार?

पाहण्याचा माझा क्रम असा. आधी बाहेरच्या बाजूला, कोअर प्लगच्या (ओतकामाची भोकं बंद करणाऱ्या बुचांच्या) वरच्या पट्ट्यात तिरकी उजेडाची तिरीप टाकून तडा शोधायचा. मिशिगन, मिनेसोटासारख्या थंड राज्यांत कुणीतरी नुसतं पाणी भरून गाडी हिवाळ्यात उभी ठेवलेली असते आणि पाणी गोठून भिंत फाटते. कोअर प्लग बाहेर ढकलला गेला म्हणजे ब्लॉक वाचला, हा समज खरा नाही. मग लिफ्टरच्या घळीचा तळ. मग मेन बेअरिंगच्या आडव्या भिंती, विशेषतः बोल्टच्या छिद्रांभोवती.

पिस्टन अजून आत असतील तर माथ्यावरची काजळी पुसा. "०३०" किंवा "०६०" कोरलेलं दिसलं तर तेवढे थाऊ (इंचाचे हजारावे भाग) बोअर आधीच झालेला आहे. सिलिंडरच्या वरच्या कडेला नख फिरवा. नख अडकलं तर झीज बरीच आहे. फोर-बोल्ट असल्याचा दावा चेंबर न काढता तपासता येत नाही, म्हणून चेंबर काढू देत नसेल त्याच्याकडून फोर-बोल्टचे पैसे देऊन काही घेऊ नका. मेन कॅप त्याच ब्लॉकचे आहेत ना, क्रमाने आणि बाणाची दिशा पुढे ठेवून बसलेत ना, हेही पाहा. दुसऱ्या ब्लॉकचे कॅप म्हणजे लाइन बोअरिंग (मेन बेअरिंगची भोकं पुन्हा एका रेषेत कापणं) ठरलेलं.

टायमिंग कव्हरच्या मागे ओतलेले "०१०" आणि "०२०" हे आकडे दाखवून "निकेलचा ब्लॉक" म्हणून भाव वाढवणारे भरपूर. त्या आकड्यांना एक पैसा जास्त देऊ नका. त्याऐवजी लिफ्टरची भोकं पाहा. भोवतीचा ओतीव कडा सगळीकडून सारख्या जाडीचा असेल तर कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) जागेवर होता. एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ असेल तर कोअर सरकलेला आणि सिलिंडरच्या भिंतीही तशाच निघणार. शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत दिवस काढलेल्या कोल्हापूरकराला हे समजावावं लागत नाही. साच्यात कोअर किंचित तरंगला की बिडाची जाडी कशी पळते ते त्याने रोज पाहिलेलं असतं. शेव्हरोलेचे साचेही शेवटी वाळूचेच होते.

मशीनशॉप: इथे घाई नको

पैसे पूर्ण देण्याआधी "तपासणीत पास झाला तर" असं बोलणं करता आलं तर फार बरं. तपासणीचा क्रम महत्त्वाचा, कारण नापास ब्लॉकवर बोअरिंगचा खर्च होता कामा नये.

आधी धुलाई. सगळे कोअर प्लग आणि तेलाच्या नळ्यांची सगळी बुचं काढूनच ब्लॉक गरम टाकीत जायला हवा. मग मॅग्नाफ्लक्स: चुंबकीय क्षेत्रात लोखंडी भुकटी तड्यावर गोळा होते. पाण्याच्या जागेची दाबचाचणीही सोबत करून घ्या.

त्यानंतर सोनिक चाचणी. ध्वनिलहरींनी प्रत्येक सिलिंडरची भिंत चार बाजूंनी आणि वर-मध्य-खाली अशी मोजतात, आणि आठ सिलिंडरांचा तक्ता हातात देतात. हा तक्ता तुम्ही स्वतः वाचा. पिस्टनचा मुख्य दाब एकाच बाजूला येतो. समोरून पाहता हे इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरतं, म्हणून दोन्ही रांगांत तो दाब पॅसेंजरच्या बाजूच्या भिंतीवर पडतो. ड्रायव्हरच्या रांगेत ती भिंत घळीकडची, पॅसेंजरच्या रांगेत एक्झॉस्टकडची. दणकट इंजिनासाठी बोअर झाल्यावर या बाजूला ०.२०० इंच उरावेत. साध्या रस्त्याच्या इंजिनात थोडं कमी चालतं, पण ०.१५०च्या खाली मी तरी जाणार नाही. दुसऱ्या बाजूंना पातळ भिंत खपून जाते. म्हणून सरासरी जाडी सांगणाऱ्या मशीनशॉपला नम्रपणे म्हणायचं, "मला कमीत कमी आकडा आणि तो कोणत्या बाजूचा, ते सांगा."

तीस थाऊचा बोअर म्हणजे प्रत्येक बाजूने पंधरा थाऊ जाणार. ४.०३० इंचांना ३५०चं ३५५ होतं आणि या मापाचे पिस्टन सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळतात. साठ थाऊ ही शेवटची पायरी. सोनिकचा तक्ता चांगला असल्याशिवाय तिथे जाऊ नका. वीस थाऊत साफ होत असेल तर वीसच कापा, पुढच्या वेळेसाठी बीड राहू द्या. पिस्टन आधी घ्या आणि मोजून मशीनशॉपला द्या. बोअर त्या पिस्टनच्या मापाने होतो.

मेन बेअरिंगच्या पाच भोकांची रेषा लाइन होनने सरळ करून घ्यायची, माप साधारण २.६४१ इंच. डेकची मूळ उंची ९.०२५ इंच, क्रँकच्या मध्यापासून मोजून दोन्ही बाजू समान आणि समांतर व्हायला हव्यात, स्टँपिंग पॅड सोडून. होनिंग (सिलिंडरची शेवटची घासाई) टॉर्क प्लेट लावूनच. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वाकतो, आणि जाड पोलादी प्लेट तोच ताण आधीच देते. "आम्ही इतकी वर्षं प्लेटशिवाय करतो" म्हणणाऱ्याकडे ब्लॉक देऊ नका.

नवा ब्लॉक आणि एलएस

सगळा हिशोब केल्यावर कधी कधी लक्षात येतं की जुना ब्लॉक, त्याची तपासणी, लाइन होन, बोअर आणि डेक मिळून नव्या ब्लॉकच्या किमतीच्या जवळ जातंय. साडेचारशे अश्वशक्तीच्या पुढचं इंजिन असेल तर डार्टचा एसएचपी किंवा त्याहून दणकट लिटल एम घ्या. भिंती जाड असतात, तेल आधी मेन बेअरिंगना जातं आणि ४.१२५चा बोअरही मिळतो. नवा ब्लॉकही मोजल्याशिवाय वापरायचा नाही. तो बहुतेक वेळा शेवटचं होनिंग बाकी ठेवूनच येतो.

एलएसचा, म्हणजे जनरल मोटर्सच्या पुढच्या पिढीच्या व्ही-८चा, विषय निघतोच. ट्रकमधलं बिडाचं ५.३ किंवा ६.० लिटर घ्या, ताकदीच्या हिशोबाने स्वस्त पडतं. पण माउंट, चेंबर, इंधन पंप, वायरिंग, कॉम्प्युटर सगळं नव्याने येतं. बॉनेट उघडलं की '६९ची कॅमारो '६९ची दिसत नाही, हे तुम्हाला चालत असेल तर चांगला पर्याय आहे. मला चालत नाही.

ब्लॉक घरी आल्यावर

मशीनशॉपने "धुऊन दिलाय" म्हटलं तरी पुन्हा धुवा. गरम पाणी, साबण, लांब दांड्याचे ब्रश. प्रत्येक तेलनळीतून ब्रश आरपार जाऊ द्या. मग लगेच कोरडं करून सिलिंडरला ट्रान्समिशन तेल लावून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं राखाडी येतंय तोवर होनिंगची भुकटी आत आहे आणि तीच नव्या रिंगा खाणार.

मॅन्युअल गाडीत ब्लॉक बदलला की बेलहाउसिंग क्रँकच्या मध्याशी जुळतंय का ते डायल गेजने पाहा. फरक ०.००५ इंचांपेक्षा जास्त असेल तर ऑफसेट डॉवेल पिना लावाव्या लागतात, नाहीतर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग लवकर जातं.

आणि मागची मेन कॅप बसवण्याआधी तिच्याखाली बोटाने चाचपा. पंपाकडून फिल्टरकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेत तिथे एक छोटं बूच असतं. धुलाईत ते काढलेलं असतं, आणि कॅप एकदा बसली की ते आहे की नाही हे दिसायचा मार्ग उरत नाही. ते राहिलं तर तेलाचा दाब व्यवस्थित दिसतो, इंजिन गोड चालतं, फक्त तेल फिल्टरला वळसा घालून जातं. बूच ठोकून झालं की मगच कॅपचे बोल्ट हातात घ्या.